वाईच्या ओसरीवरची वाकळ

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला महामार्ग खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूर फाट्याला पोहोचतो, तेथे वाईची वाट उजव्या हाताला फुटते. पुण्यापासून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. पुढे पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्यांना वाई हे वाटेवरचे गाव वाटते. चहापुरते थांबून ते निघून जातात. मुक्कामाला राहणाऱ्याला मात्र येथे कृष्णा भेटते. तिच्या काठाने काळ्या दगडाचे घाट एकामागून एक बांधलेले आहेत, आणि गणपती घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ उभे आहे. रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. या देवळाची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, टोकाशी निमुळती होत गेलेली आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी पुढे निघून जातो. पुराला छातीवर घेण्यापेक्षा त्याला वाट करून देणे त्या कारागिरांना अधिक शहाणपणाचे वाटले असावे.

माघात वाईला जावे. घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव चालू असतो, थंडी ओसरू लागलेली असते आणि दुपारचे ऊन अंगाला सोसते. अशा दुपारी जुन्या आळ्यांतून हिंडताना एखाद्या भिंतीवर उन्हात टाकलेली वाकळ हमखास दिसते. पुण्या-मुंबईला जिला गोधडी म्हणतात, तीच साताऱ्याकडची वाकळ. वापरून मऊ झालेली लुगडी, पातळे आणि धोतरे एकावर एक अंथरायची, विरलेल्या जागी ठिगळ ठेवायचे, आणि सुईने धावदोरा घालत सगळे थर एकजीव करायचे. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत जायचे, ही जुनी रीत. विकत आणलेले सामान म्हणजे फक्त सुई आणि दोरा. बाकी सगळे घरातले, कुणीतरी अंगावर वागवलेले.

माझी मावशी वाईत नदीकाठच्या एका आळीत राहते. वय ७६. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजला आहे, मानेच्या मणक्यांची झीज आहे, आणि दोन्ही गुडघे जिना चढू देत नाहीत. या तिन्ही दुखण्यांना आता आठ-नऊ वर्षे झाली. अशा स्थितीतही ती वाकळ शिवते, आणि शिवून झाल्यावर रात्री झोपते. तिने हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे. कारण हातात काही ना काही काम असल्याखेरीज ज्यांना दिवस सरत नाही, अशी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी आहेत.

डबा कपाटात गेला ते वर्ष

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मावशीने दिवसभर जमिनीवर बसून एक वाकळ शिवायला घेतली. पहिल्या दिवशी अंग हलके वाटले म्हणून ती चार-पाच तास उठली नाही. नंतरचे चार दिवस मान वळेना आणि अंगठ्याने भाकरीचा तुकडाही मोडेना. मुलगा आणि सून दोघेही मायेची माणसे. त्यांनी सुई-दोऱ्याचा डबा कपाटात वर ठेवून दिला. “आई, आता पुरे झाले. आयुष्यभर केलेत,” असे वहिनी म्हणाल्या, आणि त्यात वावगे काही नव्हते.

परंतु त्या वर्षात मावशीचे दुखणे कमी झाले नाही. उलट ती दुपारी पडून राहू लागली, शेजारणीकडे जाईना, आणि विचारले तर “मला काय काम आहे आता?” एवढेच म्हणे. हालचाल कमी झाली की सांध्यांभोवतीचे स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंमुळे सांध्यावरचा भार वाढतो, आणि मन रिकामे असले की दुखण्याकडे सारे लक्ष लागते. दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले की वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन वेदना म्हणते. अशा वेदनेत मज्जासंस्था अधिक संवेदनशील झालेली असू शकते. इजा जेवढी तेवढेच दुखणे, हे प्रमाण मग राहत नाही. त्यामुळे अशा माणसाला पूर्ण विश्रांती देणे हा क्वचितच उपाय ठरतो. बरे वाटले की ढीगभर काम आणि मग चार दिवस अंथरूण, हा हेलकावाही तितकाच घातक असतो. या दोहोंमधली वाट मावशीला एका फिजिओथेरपिस्ट मुलीने दाखवली. तिने पहिला प्रश्न विचारला, “आजी, किती वेळ शिवल्यावर दुखायला लागते?” मावशी म्हणाली, “अर्ध्या तासाने.” “मग वीस मिनिटांनी उठायचे. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी.”

एक सुई म्हणजे एक खेप

घड्याळ पाहून उठणे मावशीला जमले नाही. टाका अर्धा असताना कोण उठेल? तेव्हा तिने स्वतःचे माप शोधले. पूर्वी ती हातभरापेक्षा लांब दोरा घ्यायची, म्हणजे वारंवार सुई ओवावी लागू नये. आता ती बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच दोरा घेते. लांब दोरा ओढताना प्रत्येक टाक्याला खांदा बाहेर फेकला जातो. आखूड दोऱ्याला मनगट आणि कोपर एवढेच हलतात. शिवाय दोरा संपणे हेच घड्याळ होते. तीन सुया संपायला तिला साधारण वीस मिनिटे लागतात. तिसरी सुई संपली की ती उठते, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालते, खांदे मागे फिरवते, मुठी उघडते-मिटते, पाणी पिते. सकाळी तीन सुया, दुपारी तीन. चांगल्या दिवशीही सहाच, आणि हा नियम पाळणे तिला सर्वांत अवघड गेले. वाईट दिवशी एक, किंवा नुसते ठिगळांचे रंग जुळवणे.

सुया ओवण्याचे काम तिच्याकडे नाही. नातू शाळेत जाण्याआधी सहा सुया ओवून उशीच्या आकाराच्या गादीत टोचून ठेवतो. म्हाताऱ्या डोळ्यांना सुईचे नाक शोधायला लावण्यात काही पुरुषार्थ नाही. साठीच्या वयात डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश उरतो. त्यामुळे अंधूक जागी शिवणारे माणूस नकळत पुढे वाकते, आणि दुखते ती मान. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण चार ते पाच किलो असते. ते जितके पुढे झुकेल तितका मानेच्या स्नायूंवरचा ताण वाढत जातो. मावशीची खुर्ची म्हणून ओसरीच्या त्या कोपऱ्यात हलवली आहे जेथे दुपारचा उजेड डाव्या खांद्यावरून येतो. ती उजव्या हाताने शिवते, तेव्हा हाताची सावली टाक्यावर पडत नाही. गडद कापडावर ती पांढरा दोरा घेते. टाके दिसतात हे तिला पूर्वी ओबडधोबड वाटे, आता तीच नक्षी झाली आहे.

जमिनीवरून मेजावर

वाकळ जमिनीवर अंथरून, मांडी घालून शिवायची, ही परंपरा. मावशीच्या गुडघ्यांना ती झेपत नाही. आता ती पाठ टेकता येईल अशा सरळ खुर्चीवर बसते, पाठीच्या खालच्या भागाशी गुंडाळलेला पंचा ठेवते आणि पावले पाटावर टेकवते. समोर मेज आहे. ते कोपराच्या उंचीला आणण्यासाठी त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले आहेत. मेजाचे खरे महत्त्व मात्र वेगळेच. चार-पाच पातळांची वाकळ सहज दोन-तीन किलोंची होते. ती मांडीवरून लोंबत राहिली तर प्रत्येक टाक्याबरोबर तो भार हात आणि खांदे ओढत असतात. सगळे कापड मेजावर पडून असले की हाताला वजन पेलावे लागत नाही, फक्त सुई चालवावी लागते.

तरीही एक अडचण उरली. कडेकडून मध्याकडे जाताना शेवटी शेवटी हात लांबवर पसरावा लागतो आणि पाठ वाकते. यावर मावशीने वाकळच मोडून मांडली. सव्वा हात लांब-रुंद असे नऊ चौकोन करायचे, प्रत्येक स्वतंत्र शिवायचा, आणि नऊही झाले की वहिनींनी मशीनवर ते जोडून चारी बाजूंनी पट्टी लावायची. एका चौकोनाला साधारण आठवडा लागतो. शेजारच्या काकूंना हे पसंत नाही. त्या म्हणाल्या, “ही वाकळ कसली? ही तर अभ्र्यांची जोडाजोड!” मावशी हसून म्हणाली, “पांघरल्यावर सांगा, कुठे जोड लागतोय ते.”

हाताची सोय ही या सगळ्याची गुरुकिल्ली आहे. चिमटीत सुई घट्ट धरली की तिच्या टोकाशी लागलेल्या जोराच्या दहा-बारा पट दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येऊ शकतो. म्हणून जोर कमी करणे हाच खरा इलाज. त्यासाठी मावशी तीन गोष्टी करते. एक, थर तीनच ठेवते, आणि तेही धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे. नव्या कृत्रिम धाग्याच्या साडीत सुई अडते. जुन्या मलमलीत ती आपोआप सरकते. दुसरे, मोठ्या नाकाची, थोडी लांब आणि जाडसर सुई घेते, म्हणजे ती धरायला बोटे आवळावी लागत नाहीत. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवला की तोही गुंतत नाही. तिसरे, मधल्या बोटात अंगुस्तान घालून सुई मागून ढकलते, आणि पलीकडून ओढताना रबरी हातमोज्याचे कापलेले बोट तर्जनीवर चढवते. रबर सुईला चिकटून धरते, चिमटीला जोर लावावा लागत नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडाही हेच काम करतो. डॉक्टरांनी सांगितलेला अंगठ्याचा पट्टा ती शिवताना बांधते.

सकाळी बोटे आखडलेली असतात, तेव्हा ती सुई घेत नाही. आधी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे हात बुडवून बोटे हलवते. येथे एक सावधगिरी अवश्य हवी. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजते. अशा घरात पाणी दुसऱ्याने तपासून द्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी अंगुस्तानाशिवाय सुई हातात धरू नये. खाली पडलेल्या सुया शोधायला एक लोहचुंबक दोरीला बांधून ठेवावा. वाकून हाताने चाचपडण्यापेक्षा तो बरा, आणि अनवाणी पावलांनाही धोका राहत नाही.

आईची पातळे

यंदाची वाकळ माझ्या आईच्या पातळांची आहे. आई ही मावशीची थोरली बहीण. तिला जाऊन दोन वर्षे झाली, आणि तिची तीन सुती पातळे माझ्या कपाटात घडी घातलेली तशीच होती. मार्गशीर्षात मी ती घेऊन वाईला गेले. मावशीने ती मांडीवर घेतली, एकेका किनारीवरून हात फिरवला, कोणते कधी घेतले ते सांगितले. मग म्हणाली, “कातरी तू घे. मला अंगठ्याने जमत नाही.”

कातरी चालवणे हे झिजलेल्या अंगठ्याला सुईपेक्षाही जड जाते, म्हणून बेतणे-कापणे नेहमी दुसऱ्याने करावे, हे मला कळत होते. तरी पहिल्या पातळाच्या किनारीला कातरी लावली आणि माझा हात पुढे जाईना. मावशी काही क्षण थांबली. “अगं, कपाटात राहून तिची ऊब कुणाला? छेद तेवढा दे, पुढे कापड आपोआप जाते.” तसेच झाले. किनारीला बोटभर छेद दिला की जुने सुती कापड हाताने धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. कातरीची फारशी गरज उरत नाही. त्या दुपारी आम्ही दोघींनी तीन पातळांचे चौकोन केले. विरलेला भाग बाजूला ठेवला, आणि मधल्या थरासाठी वहिनींनी जुने धोतर काढून दिले. कामाच्या या वाटणीत मावशीच्या अंगठ्यामुळे एक वाटा माझ्याकडे आला होता. तो आला नसता, तर ती पातळे बहुधा अजून कपाटातच असती.

माघात मी पुन्हा गेले तेव्हा पाच चौकोन शिवून झाले होते. टाके पूर्वीइतके बारीक नव्हते. काही ओळी जरा तिरप्या गेल्या होत्या. एका चौकोनात टाके अचानक मोठे झालेले दिसले. मावशीने सांगितले, “त्या आठवड्यात मान फार धरली होती. एकेकच सुई झाली.” दुखण्याचा तो आठवडा त्या कापडावर असा उमटला होता, आणि तिने तो उसवला नव्हता.

सांभाळणाऱ्यांसाठी

घरातल्या वृद्धांच्या हातातले काम काढून घेण्याआधी आपण तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. बसण्याची जागा आणि उजेड बदलता येईल का? कामाचा तुकडा लहान करता येईल का? आणि त्यातले जड तेवढे आपण उचलू शकतो का? वाकळीच्या बाबतीत कापणे, सुया ओवणे, तुकडे जोडणे आणि धुणे ही चार कामे घरच्यांची. विशेषतः धुतलेली, पाण्याने जड झालेली वाकळ वृद्धांनी एकट्याने कधीही उचलू नये. बाकीचे टाके ज्याचे त्याला घालू द्यावेत. “आज किती झाले?” असे विचारण्याऐवजी “आज वेळेवर उठलात ना?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस जास्त काम करतो, दुसऱ्याने बेताने.

एखाद्या दिवशीचे दुखणे रात्रीपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळले, तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले असे समजावे आणि पुढचे काही दिवस ते निम्म्यावर आणावे. बरे वाटत असताना वाढवायचे झाले तर एकेक सुईने वाढवावे. शिवता यावे म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेण्याची सवय मात्र लागू देऊ नये. उतारवयात या गोळ्यांपैकी अनेकींचा जठर, मूत्रपिंडे आणि रक्तदाब यांवर परिणाम होऊ शकतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

काही लक्षणे दिसली तर सुई बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावे. सांधा सुजून गरम होणे, सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक राहणे, रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होणे, हातातून वस्तू निसटू लागणे, मानेपासून हातात उतरणारी कळ, चालताना तोल जाणे, किंवा दुखण्याबरोबर ताप येणे आणि वजन घटणे, ही ती लक्षणे. ती वयाच्या नावावर खपवू नयेत. हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर जराही वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

मावशीची मान आजही दुखते. ती म्हणते, दुखणे गेलेले नाही, पण आता ते दिवसाचे मालक नाही. चार चौकोन अजून शिवायचे आहेत. सहा सुयांच्या हिशोबाने त्याला महिना लागेल, एखादा आठवडा वाईट गेला तर थोडे अधिक. वहिनींनी कडेच्या पट्टीसाठी निळे कापड आणून ठेवले आहे, आणि सुई-दोऱ्याचा डबा आता ओसरीवर, हाताशी येईल अशा उंचीवर असतो.